तेवीस डंपर

मंगळवार, २

ही वही आत्यानं दिली. वही कसली, तिच्या पोहण्याच्या क्लासचा हजेरीपट आहे, निम्मा कोरा राहिलेला. डावीकडे नावांचा रकाना, वर एक ते एकतीस तारखा. मी सरळ सगळ्या रकान्यांवरून आडवं लिहितेय. तिच्या दोन अटी आहेत, मराठीत लिहायचं आणि खरं लिहायचं. "इंग्रजीत तू फार हुशार वाटतेस," ती म्हणाली. हे कौतुक होतं का, अजून ठरवता आलेलं नाही.

तर खरं. तीन महिन्यांपूर्वी मी नोकरी सोडली, कारण मला रोपवाटिका काढायची आहे. लोगो तयार आहे. रोपं नाहीत, जागा नाही, पण लोगो फारच छान झालाय. बाबा रोज सकाळी चहा पिताना विचारतात, "मग आज काय करणार तुमची कंपनी?" कंपनी म्हणजे मी आणि माझा लॅपटॉप.

आणि आज देवच पावला. नगरपालिकेची नोटीस आली! घरामागे आत्याचा पोहण्याचा तलाव आहे ना, चार वर्षं बंद पडलेला, त्याबद्दल. "आपल्या आवारातील वापरात नसलेला जलतरण तलाव डासांच्या उत्पत्तीस कारणीभूत ठरत असल्याने तो महिनाअखेरपर्यंत मातीने बुजवून टाकावा अथवा..." पुढे अजून दोन ओळी होत्या, नुसते जोडाक्षरांचे डोंगर. मी "बुजवून टाकावा"पर्यंत पोचले आणि दमले. बाबा तर "महिनाअखेर"लाच घाम पुसायला लागले. आत्यानं मात्र शेवटपर्यंत वाचली, दोनदा वाचली, नीट घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत ठेवून दिली.

मी म्हटलं, "आत्या, आपण तो भरून टाकू. वर माझी रोपवाटिका. एका दगडात..." पुढचं तिच्या चेहऱ्याकडे बघून गिळलं. तीस वर्षं तिनं तिथं अख्ख्या गावाला पोहायला शिकवलंय. खोल बाजूच्या भिंतीला तडा गेला, वरचं पाणी टिकेना, दुरुस्ती कोणालाच जमेना, म्हणून क्लास बंद पडला. तेव्हापासून ती मागच्या खिडकीचा पडदा उघडत नाही.

ती म्हणाली, "भर."

एवढंच. इतक्या सहज? मला वाटलं होतं, निदान एक ताट तरी आपटेल.

बुधवार, ३

माती किती लागेल हे काढणं माझ्याकडे. बाबा म्हणाले, "शिकवलंय कशाला एवढं?" आत्या मापाला मदत करते म्हणाली. मन किती मोठं आहे तिचं.

लांबी साठ फूट, रुंदी पंचवीस. टेपचं एक टोक तिनं धरलं, एक मी. खोलीचं जरा अवघड होतं, कारण खोल बाजूला दोनेक फूट हिरवं पाणी आहे आणि त्यात बेडकांची वसाहत. मी म्हटलं, तुझा तो लांब बांबू दे, त्यानं तळ बघते. ती कडाडली, "तो माणसं बाहेर काढायला आहे, चिखल ढवळायला नाही." मग शांतपणे म्हणाली, "भिंतीवर आकडे रंगवलेत की. वाचता येतं ना?"

येतं. उथळ टोकाला ३, खोल टोकाला ६, मध्ये साडेचार. सुंदर निळे आकडे, आत्यानं स्वतः रंगवलेले. तळ सरळ उतरता आहे, म्हणजे सरासरी साडेचार. साठ गुणिले पंचवीस गुणिले साडेचार, सहा हजार सातशे पन्नास घनफूट. शाळेतल्या गणिताचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला. मी एक्सेलमध्ये तीन रंगांचा तक्ता केला. बाबांना दाखवला तर ते म्हणाले, "हिरवा रंग कशाचा?" मी म्हटलं, कशाचा नाही, छान दिसतो.

शुक्रवार, ५

मातीवाले काका आले. आमच्या रस्त्याच्या टोकाला मोठ्या इमारतीचा पाया खणतायत, तिथली माती हेच उचलतात. ती आम्हाला फुकट मिळेल, फक्त किती खेपा हव्यात ते उद्यापर्यंत सांगायचं. बाकीची सगळी शाळेच्या मैदानाला द्यायचं ठरलंय. "एकदा आकडा दिला की दिला," काका म्हणाले, "मग मागाहून अजून दोन टाका, तीन टाका चालायचं नाही. खणायचं संपत आलंय."

त्यांच्या धंद्यात माती ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. त्यांच्या डंपरमध्ये तीन ब्रास मावते. म्हणजे माझे साडेसदुसष्ट ब्रास भागिले तीन, साडेबावीस खेपा. अर्धा डंपर कसा आणणार? तेवीस!

मी आकडा सांगितला तर काका म्हणाले, "हां, तेवीस. बाई म्हणाल्याच हो..." आणि आत्याला एकदम ठसका लागला. चहा घशात गेला असणार. काकांनी पटकन बिस्किट तोंडात कोंबलं. बहुतेक त्यांना म्हणायचं होतं की बाई म्हणाल्याच होत्या, पोरगी हुशार आहे.

काकाही लहानपणी आत्याकडेच शिकले. आज गोष्ट सांगत होते. "आठ वर्षांचा होतो मी. बाई म्हणाल्या, सहाच फूट आहे रे, तुझा मोठा भाऊ उभा राहिला तर केस भिजतील फक्त. मारली उडी. खाली जातोय, खाली जातोय, तळ काही येईना! अजून लागायचाय तो तळ मला." लोकांना गोष्ट फुगवून सांगायची सवय असते. सहा फूट म्हणजे सहा फूट.

मग ते माझ्याकडे वळले. "आणि तू गं शिडे? अजून नाहीच का शिकलीस?"

हे टोपणनाव कुठून आलं तेही लिहिते, खरं लिहायचं ठरलंय म्हणून. सात वर्षांची असताना मी त्याच खोल टोकाच्या काठावर उभी होते. मागे पंधरा पोरं रांगेत. आत्या पाण्यात, हात पसरून. मी तिच्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि कोपऱ्यातल्या लोखंडी शिडीनं एक एक पायरी उतरून गुडघ्यापर्यंत पाय बुडवला, आणि तशीच एक एक पायरी चढून घरी गेले. तेव्हापासून शिडी. पोहायला शिकवणाऱ्या बाईच्या घरात पोहता न येणारी दोन माणसं, मी आणि बाबा. बाबांना निदान कोणी टोपणनाव ठेवलं नाही.

शनिवार, ६

इंटरनेटवर वाचलं की सुटी माती फुगलेली असते. पाणी मारून, ठोकून बसवली की पंधरा-वीस टक्के कमी होते. म्हणजे तेवीस नाही, अठ्ठावीस तरी हव्यात!

धावत आत्याकडे गेले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माती काय स्पंज आहे?"

"अगं, पण लिहिलंय तसं."

"कुठल्या मातीबद्दल लिहिलंय? इथली बघितलीय का त्यांनी? आणि जास्त आली तर? पाच डंपर माती कुठं ठेवशील, बाबांच्या खोलीत?"

बाबा आतून ओरडले, "माझ्या खोलीत काही आणायचं नाही हं, आधीच सांगतो!"

मी पुन्हा म्हटलं, अगं, कमी पडली तर? ती म्हणाली, "कमी पडली तर पडली. जास्त झालेली काढणं वाईट." यात काहीतरी शहाणपण वाटलं. अनुभवी माणूस आहे. मी काकांना फोन करून सांगितलं, तेवीस, फायनल.

ठेवल्यावर फोनकडे पाच मिनिटं बघत बसले. हा माझा पहिला खराखुरा निर्णय. चुकला तर बाबा तीन रंगांचा तक्ता फ्रेम करून हॉलमध्ये लावतील. आणि चहावरचा तो प्रश्न आयुष्यभर.

मंगळवार, ९

आज पंप लावून हिरवं पाणी काढलं. बेडूक शेजारच्या नाल्यात स्थलांतरित झाले, त्यांची काही तक्रार दिसली नाही.

मग एक गवंडी दोन माणसं आणि सळया घेऊन हजर. म्हणाला, "बाईंनी बोलावलंय. तलावात मधोमध आडवी भिंत घालायची." मी आत्याला विचारलं, भरायच्या खड्ड्यात भिंत कशाला? ती म्हणाली, "टप्प्याटप्प्यानं भरायला. फाटक खोल बाजूला आहे, डंपर तिथूनच ओतणार. आधी तो अर्धा भाग भरून पक्का करायचा, मग त्याच्यावरून डंपर पुढं नेऊन उरलेला. नाहीतर माती घरंगळत सगळीकडं पसरते."

हे मला सुचलंच नसतं! पोहण्याच्या टीचरला एवढं सिव्हिल इंजिनियरिंग? मी ते "प्रोसेस" नावाच्या कॉलममध्ये टाकलं. निळा रंग दिला.

बुधवार, १०

गवंडी किती बुटका आहे! बाहेर लक्षात आलं नव्हतं. आज तो खोल टोकाशी तडा बघायला उभा होता, तर त्याचं डोकं काठापासून चांगलं तीन-साडेतीन फूट खाली. सहा फुटांचा खड्डा, म्हणजे माणूस अडीच-तीन फुटांचाच झाला की! बाहेर आल्यावर मात्र माझ्यापेक्षा उंच दिसला. वरून बघताना माणसं आखूड दिसतात, फोटोत पण होतं तसं.

शुक्रवार, १२

भिंत झाली. झकास. सळया, काँक्रीट, काय विचारता, धरणच! आज गवंड्यानं तिच्या उथळ बाजूला गुळगुळीत प्लास्टर केलं आणि त्यात एका डब्यातलं काहीतरी मिसळत होता. मी विचारलं, हे काय? "वॉटरप्रूफिंग." मी म्हटलं, मातीला वॉटरप्रूफिंग कशाला? तो आत्याकडे बघायला लागला. आत्या म्हणाली, "एका बाजूची ओल दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून. तुझ्या रोपांसाठीच."

माझ्या रोपांसाठी! डोळ्यात पाणी आलं. आणि मी बावळट, वाटत होतं की तिला राग आलाय.

तिनं उथळ बाजूच्या जुन्या फरश्याही घासून घेतल्या. विचारलं तर म्हणाली, "जायचंच आहे तर स्वच्छ जाऊ दे." मी पडद्याआड उभी राहून बराच वेळ बघत होते. ती त्या कोरड्या तलावात अनवाणी चालत होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पावलं मोजत.

भरायलाच हवा का? पण नोटीस आहे. आणि बाबांना सांगून बसलेय. आणि लोगो.

मंगळवार, १६

भिंतीला रोज तीनदा पाणी मारायचं. ते काम माझं. आज इतर काही घडलं नाही. बाबांनी विचारलं, "तुमची कंपनी आज काय करणार?" म्हटलं, भिंतीला पाणी पाजणार.

सोमवार, २२

डंपर सुरू! आज आठ खेपा. काय तो आवाज, खिडक्या थरथरतात, बाबा कानात कापूस घालून पेपर वाचतात. मी हेल्मेट घालून फाटकाशी उभी, हातात पाटी. प्रत्येक खेपेला एक रेघ. काकांचे दोन गडी माती पसरतात, पाणी मारतात आणि धुमस करतात, म्हणजे दांड्याला लावलेल्या जड लोखंडी ठोकळ्यानं ठोकून ठोकून बसवतात.

पहिल्याच खेपेत कोपऱ्यातली ती लोखंडी शिडी गाडली गेली. मी सकाळी आत्याला विचारलं होतं, काढून ठेवू का? ती म्हणाली, "राहू दे. गंजलीय." माती तिच्यावर पडताना मला उगाच बरं वाटलं.

बुधवार, २४

कालच्या आठ, आजच्या सात धरून. नाही, थांबा, आज सहाच. आठ, आठ आणि सहा, बावीस झाल्या. शेवटची उद्या.

माझ्या हिशोबानं खोल बाजूचा अर्धा भाग तेराव्या खेपेला भरायला हवा होता. तेरावी काल दुपारीच झाली. मी वाकून बघितलं तर माती काठापासून तीन फूट खाली. चौदा, पंधरा, सोळा. ती माती कुठे जातेय? खाली भुयार आहे का? मी काकांना विचारलं, डंपर खरंच तीन ब्रासचा आहे ना? ते इतके दुखावले की त्यांनी मला स्वतः वर चढवून फळ्या मोजायला लावल्या. तीन ब्रास. अगदी काठोकाठ.

एक्सेल सतरा वेळा तपासलं. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर, रंगही बरोबर.

गुरुवार, २५

तेविसावी खेप पडली, ठोकली, सपाट केली आणि माती भिंतीच्या माथ्याला अगदी बरोबर टेकली. टाळ्या वाजवाव्या इतकी बरोबर. आणि भिंतीच्या पलीकडे उरलेला अर्धा तलाव तसाच. रिकामा. घासलेला. चकचकीत.

काकांनी डंपरचं फाळकं लावलं. "झालं. उद्यापासून शाळेचं मैदान."

"काका, अजून फक्त..."

"शिडे, काय बोललो होतो मी?"

मी टेप घेऊन भिंतीवर पालथी पडले आणि उथळ बाजूला खाली सोडला. तिथं रंगवलंय साडेचार. टेप म्हणाला साडेसहा. धावत उथळ टोकाला गेले. रंगवलंय तीन, निघाले चार. मग तिथंच बसले आणि डोक्यात एक एक दिवा लागत गेला. काकांचा तळ. आणि खोल टोक, जे आता कोणालाच मोजता येणार नाही, ते सहा नव्हतंच, नऊ असणार. तीस गुणिले पंचवीस गुणिले... सोडा.

संध्याकाळी बाबा खिडकीत उभे राहून म्हणाले, "पाच दिवस उरलेत. अर्धा खड्डा, अर्धं मैदान. हे काय आहे?" आत्या शांतपणे भाजी निवडत होती. ही बाई गेला महिनाभर भाजीच निवडतेय.

शुक्रवार, २६

सकाळी उठून आत्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "तुझे आकडे खोटे आहेत."

"हो."

"हो? नऊ फुटांवर सहा लिहिलंस?"

"नऊ लिहिलं असतं तर कोणी उडी मारली असती?" ती म्हणाली. "सहा वाचलं की पोर म्हणतं, काय, सहाच! उडी मारून झाल्यावर सहा काय नि नऊ काय, पोहायचं वरच असतं. तीस वर्षांत एकानं तक्रार केली नाही."

"अगं, पण मी त्याच्यावर माती मोजली!"

"ते आकडे पोहणाऱ्यांसाठी आहेत," आत्या म्हणाली. "भरणाऱ्यांसाठी नाहीत."

मला ओरडायचं होतं, पण बाबा मध्ये पडले. "ताई, ते सगळं ठीक आहे. तीस तारखेला नगरपालिकेचा माणूस बघायला येणार. आपण काय सांगायचं?"

आत्यानं चष्म्याची डबी उघडली, नोटिशीची घडी काढली आणि बाबांच्या हातात दिली. "पुढचं वाच. मोठ्यानं."

बाबांनी वाचलं. "...मातीने बुजवून टाकावा अथवा आवश्यक दुरुस्ती करून स्वच्छ पाण्यासह नियमित वापरात आणावा व तसे निरीक्षकांच्या निदर्शनास आणून द्यावे."

मग माझ्या डोक्यात वीज चमकली! मी म्हटलं, "आत्या! तडा तर खोल बाजूला होता! तो भाग मातीखाली गेला! म्हणजे उरलेल्या अर्ध्यात पाणी टिकेल! आणि भिंतीला उथळ बाजूनं वॉटरप्रूफिंग पण झालंय! काय नशीब बघ, सगळं कसं आपोआप जुळून आलं!"

आत्यानं चष्म्याची डबी टपकन मिटली. "हो ना," ती म्हणाली. "नशीबच."

बाबांनी कपाळावर हात मारला. कशाबद्दल ते कळलं नाही.

माझी चूक किती भाग्याची ठरली! मोजमाप बरोबर केलं असतं तर सगळं संपलं असतं. तिला हे सुचायला मीच नकळत कारण ठरले. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "तुझ्याशिवाय जमलंच नसतं." हे मात्र ती मनापासून बोलली.

सोमवार, २९

तीन दिवस मोटर चालू आहे. पाणी चढतंय. टिकतंय! भिंतीला एक थेंबही ओल नाही. मागच्या खिडकीचा पडदा उघडलाय.

भरलेल्या अर्ध्यावर मी वाफे आखले. अख्खी नाही तर अर्धी रोपवाटिका, पण पायाखाली तेवीस डंपर पक्की माती. काकांनी जाताजाता पहिलं रोप भेट दिलं, डंपरच्या केबिनमधल्या डब्यात लावलेलं. थोडं धुरकट आहे.

आत्यानं नव्या भिंतीवर निळ्या रंगात आकडा रंगवला. ४.

मंगळवार, ३०

केस अजून ओले आहेत, त्यामुळे पानावर थेंब पडतायत. माफ करा, रजिस्टर.

निरीक्षक साहेब अकराला आले. बारीक मिशी, बगलेत फाईल. तलावाभोवती दोन फेऱ्या मारल्या. पाण्यात बोट बुडवून वास घेतला. मग म्हणाले, "पाणी स्वच्छ आहे. पण वापर कुठंय? नुसतं भरून ठेवलं म्हणजे डासांना मोठं घर दिलं तुम्ही."

आत्या म्हणाली, "वर्ग सुरू झालाय."

"विद्यार्थी?"

आज कामाचा दिवस, पोरं शाळेत. काका फाटकाशी उभे होते, ते घाईघाईनं म्हणाले, "मी आहे की!" साहेब म्हणाले, "तुम्ही शिकलेले दिसता. वर्ग म्हणजे शिकणारं कोणी हवं. नसेल तर मी 'वापरात नाही' लिहितो. उरलेलाही भरून घ्या."

आत्याचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा पाहिला. पूर्ण महिनाभर तिच्याकडे सगळ्याचं उत्तर होतं आणि आता नव्हतं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

बाबा मनगटावरचं घड्याळ सोडायला लागले. बाबा! ज्यांना बादलीतल्या पाण्याचीही भीती वाटते! बक्कल निघत नव्हतं. "मी शिकतोय," ते म्हणाले, "मी, काय म्हणतात, नवीन आहे."

मी म्हटलं, "बाबा, राहू द्या. विद्यार्थिनी मी आहे."

मी सवयीनं कोपऱ्यात शिडी शोधली. ती तेवीस डंपरांखाली. उतरायला दुसरं काहीच नाही. आत्या अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरली, बांबू बाबांच्या हातात दिला आणि भिंतीपासून चार हातांवर उभी राहिली. उभी कसली, पाय मारत होती, ते मला आत्ता लक्षात येतंय. हात पसरले. अगदी तसेच.

भिंतीवर उभं राहून विचारलं, "आत्या, हे चार फूट, टेपचे का तुझे?"

"माझे," ती म्हणाली.

पाठीमागे माझी रोपवाटिका, पुढे ती. साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं. बाबा बांबू चुकीच्या टोकानं धरून उभे होते.

मारली.

खाली जातेय, खाली जातेय आणि तळ काही येईना. काकांबद्दल जे लिहिलं ते मागे घेते. नाकातोंडात पाणी, कानात ढोल. मग दंडाला एक हात लागला, पक्का, आणि वर उजेड. मी खोकत होते, रडत होते आणि बहुतेक हसतही होते. फाटकातून काका बोंबलले, "शिडी गेली रे! शिडी गेली!"

साहेबांनी लिहिलं, "वापरात आहे." निघताना मागे वळून त्यांनी आत्याला हळूच विचारलं, मोठ्या माणसांना पण घेता का?

जेवणानंतर आत्या माझ्या खोलीत आली. केस टॉवेलात गुंडाळलेले, हातात पेन. म्हणाली, "रजिस्टर दे. आजची हजेरी मांडायची आहे."

मी वही छातीशी धरली. "अगं, यात माझी डायरी आहे! खासगी!"

"माहीत आहे," ती म्हणाली. "आणि तो गवंडी बुटका नाहीये गं."